शेत गावी, मालक मुंबईत: फार्म मॅनेजरच्या संघटनेचा उपयोग काय?

प्रश्न: मुरबाडच्या जमिनीसाठी फार्म मॅनेजर शोधतोय. एकाने कुठल्याशा संघटनेचं ओळखपत्र दाखवलं. भरवसा ठेवावा का? (मुलुंड)

नुसत्या ओळखपत्रावर नको. जनावरांच्या डॉक्टरांसाठी १९८४ चा आणि वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे, त्यांना नोंदणी लागते. फार्म मॅनेजरसाठी आपल्याकडे असं काही नाही. कुणीही उद्या पाटी लावू शकतो. अमेरिकेतही त्यांची संघटना स्वेच्छेचीच, १९२९ पासूनची. पण तिचा मान्यताप्राप्त दर्जा अनुभव आणि परीक्षेशिवाय मिळत नाही, आणि आचारसंहिताही पाळावी लागते. उमेदवाराला विचारा: सभासद होताना वर्गणीखेरीज काय लागलं? आणि तक्रार आली तर काढून टाकतात का? कुणालाच काढत नसतील तर ते मंडळ शाल-श्रीफळापुरतं.

प्रश्न: आमच्या आंबा बागेचा माणूस पगाराऐवजी उत्पन्नात चौथा हिस्सा मागतो. कष्टाळू आहे. द्यावा? (दादर)

थांबा. १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ४ वकिलाकडून समजून घ्या. दुसऱ्याची जमीन रीतसर कसणारा माणूस कूळ, म्हणजे त्या जमिनीवर कायदेशीर हक्क सांगू शकणारा कसणारा, मानला जाऊ शकतो. रोख किंवा वस्तुरूपात पगार घेणारा नोकर त्यातून वगळला आहे. मात्र मोबदला पिकाच्या हिश्श्यात नसावा, असं कायदा स्पष्ट म्हणतो. मालकाची किंवा घरच्यांची प्रत्यक्ष देखरेखही महत्त्वाची, त्यामुळे फक्त आंबे उतरवायला उगवणाऱ्यांनी जपावं. नेमणूकपत्र द्या, पगार बँकेतून द्या, फेऱ्यांची नोंद ठेवा. २०२१ पासून पीकपाहणी, म्हणजे शेतात कोणतं पीक आहे याची सरकारी नोंद, मोबाइलवर होते, आणि मुंबईकर ते काम हमखास मॅनेजरवर सोपवतो. नोंद काय झाली ते दर हंगामात सातबाऱ्यावर स्वतः बघा.

नेमणूकपत्राचा चांगला नमुना तयार करणं हे खरं तर संघटनेचं काम. त्याने मालक निर्धास्त होतो आणि माणसाचा पगारही अडत नाही. कष्टाळू माणसाला चांगला पगार द्या. हिश्श्याची भाषा बहुधा पगार कमी असल्यामुळेच येते.

प्रश्न: मी कृषी पदवीधर, कर्जतला फार्म सांभाळतो. खताचा दुकानदार दिवाळीला पाकीट देतो. सगळेच घेतात.

घेऊ नका. आलंच तर मालकाला सांगा आणि बिलातून वजा करून घ्या.

प्रश्न: आम्ही काही मॅनेजर मिळून संघटना काढतोय. कार्यालय मुंबईत असावं का? (ठाणे)

मालक इथे आहेत, तेव्हा हरकत नाही. बैठका मात्र शेतावर घ्या. किमान सात जण लागतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी करा, सोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही. खत-औषध कंपन्यांचे पैसे सुरुवातीपासून नाकारा, नाहीतर वरच्या पाकिटाबद्दल बोलायला तोंड राहणार नाही. तक्रार समितीत एक-दोन मालक घ्या, बहुमत तुमचं ठेवा. आणि पहिल्या वर्षी परिषदा भरवण्याआधी मासिक हिशेबाचा एकच नमुना ठरवा: मजुरी, डिझेल, खत-औषध, विक्री, शिल्लक. तो न भरणाऱ्याचं सभासदत्व पुढच्या वर्षी चालू ठेवू नका.