लेकरू उलटं बोलायलंय

"मॅडम, शाळेनं लेकराला बापाच्याच विरोधात उभं केलंय. आता घरातही उलटं बोलायलंय." औसा तालुक्यातले हे शेतकरी खुर्चीच्या कडेवर कसेबसे टेकले होते. (ओळखीचे तपशील बदललेत.) वर्गात वादविवाद झाला की एखादे पालक ही तक्रार घेऊन येतातच.

आठवीच्या वर्गात विषय होता, 'मराठवाड्यात ऊस लावावा का?' मुलगा 'नको'वाल्यांत. त्याने २०१६ च्या उन्हाळ्याचा दाखला दिला, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं तो. टाळ्या पडल्या. तेवढ्यात समोरून कुणीतरी ओरडलं, "तुझ्याच घरी दोन एकर ऊस हाय की!" वर्ग खदखदून हसला. रात्री जेवताना पोराने विचारलं, "मग आपण का लावतो?"

उलटं बोलणं ते एवढंच.

"तुम्ही काय उत्तर दिलं?"

"गप जेव म्हणलं."

मी विचारल्यावर मात्र ते दहा मिनिटं बोलले. काढणीला पाऊस आला की सोयाबीनच्या शेंगा भिजतात, दाणा डागी होतो, भाव पडतो. ऊस पावसात उभा राहतो, कारखाना नेतो. "हेच त्याला सांगा की," म्हटलं.

चूक शाळेचीही होती. बाजू सरांनी वाटल्या होत्या, त्यामुळे पोरांना वाटलं की जो जे बोलतो ते त्याचंच मत. सरांना सुचवलं, चिठ्ठ्या टाका. प्रत्येकाने 'मला आलेली बाजू अशी' म्हणून सुरुवात करायची. खोडण्याआधी समोरच्याचा मुद्दा सांगायचा, 'हो, हेच म्हणायचं होतं' असं तो म्हणेपर्यंत. कुणाच्या घरादारावर बोट गेलं की पाळी गेली. आणि दुसऱ्या दिवशी बाजू बदलायच्या. सर म्हणाले, तास पस्तीस मिनिटांचा, एवढं बसत नाही. मग वक्ते कमी करा, पण बदली ठेवा. एकच बाजू लढवलेलं पोर पुढे पारावर बसून तेच करतं, असं माझं आपलं मत.

बदलीत मुलाकडे उसाची बाजू आली. मुद्दे सांगायला वडीलच बसले. पंधरा दिवसांनी वही घेऊन आले. मधोमध रेघ, डावीकडे पाच मुद्दे, उजवीकडे विरोधकांचे. उजवीकडच्या 'बोअर आटतो' वर बोट ठेवून म्हणाले, "ह्याला उत्तर विचारायलंय ते. मी म्हणलं, हे खोडू नको, खरंय."