आधी कुलूप, मग चावी

फोंड्याहून एका वाचकाने विचारलं आहे: औषधचाचणीतल्या ‘डेटाबेस लॉक’ला, म्हणजे जमवलेल्या नोंदी (विदा) बदलता येणार नाहीत अशा बंद करण्याला, मराठीत ‘विदागोठवण’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. त्या धंद्यात फ्रीझ निराळं आणि लॉक निराळं. गोठवलेल्या नोंदीत चूक सापडली तर ती फारशी खळखळ न करता सुधारता येते. लॉक झालं की संपलं. पुन्हा उघडायचं तर लेखी कारण आणि सह्या. घरचा ‘कुलूप’ शब्द असताना गोठवायचं कशाला?

त्याहून डोकं उठतं ते ‘चाचणीचा निकाल लॉक केला’ या वाक्याने. बेतीच्या फेरीबोटीत परवा एक गृहस्थ ‘लॉक केला म्हणजे दडपला’ असं ठासून सांगत होते. अहो, दुहेरी अंध चाचणीत, म्हणजे कोणाला काय दिलंय हे ना रुग्णाला ठाऊक ना डॉक्टरला, त्या घडीला निकाल जन्मलेलाच नसतो! शेवटचा रुग्ण तपासून झाला, शंका मिटल्या, आकडेमोड कशी करायची तेही आधीच कागदावर आलं, की नोंदींना कुलूप. त्यानंतरच कळतं, खरं औषध कोणाला आणि नुसती साखरेची गोळी कोणाला. आकडे पाहून नोंदी वाकवता येऊ नयेत म्हणून हा क्रम. मग अहवाल, मग प्रसिद्धी. दडपादडपी झालीच तर ती या टप्प्यावर होते, आणि ती पकडता यावी म्हणून तर आपल्याकडे १५ जून २००९पासून चाचणीची नोंदणी सक्तीची झाली.

असो. खरी गंमत कुलपात आहे. मूळ अरबी ‘कुफ्ल’. फ आणि ल यांनी जागा बदलल्या, ‘चिकटणे’चं ‘चिटकणे’ होतं तसं, आणि झालं कुलूप. आता चावी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी ‘किल्ली करून द्या’ म्हटलं, तर कानशीचा हात न थांबवता कारागीर कोकणीत म्हणाला, ‘चावी जाय?’ म्हणजे चावी हवी? ही पोर्तुगीज ‘शाव्ह’, तिची आई लॅटिन ‘क्लाविस’. किल्लीला कोशकार मंडळी ‘कील’ म्हणजे खुंटीला बांधतात. खुंटीने कधी कुलूप उघडलंय? माझ्या मते ती फारसी ‘कलीद’, म्हणजे मूळची ग्रीक ‘क्लेइस’. आणि क्लेइस नि क्लाविस सख्ख्या बहिणी! एकीची लेक इराणवरून घाटावर उतरली, दुसरीची गलबतातून मांडवीत. कीलवाल्यांना हे पटत नाही. त्यांनी खुंटीवर बसावं.

हां, प्रश्न. ‘नोंदींना कुलूप लावलं’ असं लिहा. आणि कोणाला काय दिलं ते उघड करण्याच्या पुढच्या पायरीला, ‘अनब्लाइंडिंग’ला, ‘लखोटा फोडला’ म्हणा. पूर्वी कोणाला काय दिलं याची यादी खरोखर बंद लखोट्यांतच असे. ‘अंधत्वनिवारण’ मोतीबिंदूच्या शिबिराला राहू दे.