स्टेअरिंग ढिले, पण नेमके कुठे?

प्रश्न : माझा जुना, साध्या स्टेअरिंगचा ट्रॅक्टर आहे. केळीची ट्रॉली जोडून फैजपूर-सावदा रस्त्याला लागलो की गाडी सरळ चालत नाही, सारखी सावरावी लागते. मेकॅनिकने स्टेअरिंग बॉक्सचा (दांड्याखालच्या दात्यांच्या पेटीचा) स्क्रू आवळला. तेव्हापासून वळणावर स्टेअरिंग जड जाते, सरळ रस्त्याला मात्र ढिले ते ढिलेच. बॉक्स बदलावा का?
– एक शेतकरी, ता. यावल

उत्तर : इतक्यात बदलू नका. आधी तो स्क्रू होता तिथे परत आणा. बॉक्समधले दाते मधोमध जास्त झिजतात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधला ढिलेपणा काढायला स्क्रू आवळला की न झिजलेले कडेचे दाते आवळून बसतात. वळणावर जड जाते ते त्यामुळेच. तसेच चालवत राहिलात तर चांगला बॉक्सही जाईल.

आता प्ले, म्हणजे चाक न हलता स्टेअरिंग किती मोकळे फिरते ते, मोजा. चाके सरळ, इंजिन बंद, ट्रॅक्टर सपाट ओट्यावर. स्टेअरिंगच्या कडेला खडूची खूण करा आणि पुढचे चाक हलू लागेपर्यंत ते किती फिरते ते बघा. 25-30 मिमीपर्यंत चिंता नको. 50 मिमीच्या पुढे गेले तर कुठेतरी झीज आहेच.

ती शोधायला दोन माणसे लागतात. एकाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडे-थोडे हलवायचे, दुसऱ्याने खाली बसून ड्रॉप आर्म (बॉक्समधून निघणारा हात), ड्रॅग लिंक (त्या हातापासून चाकाकडे जाणारा दांडा), टाय रॉड (दोन्ही चाके जोडणारा दांडा) असे एकेका सांध्यावर बोट ठेवत जायचे. अलीकडचा भाग हलतो पण पलीकडचा हलत नाही, तो सांधा गेला. बहुधा त्याचे रबर फाटलेले असते आणि कडेला तांबूस भुकटी दिसते. आपल्याकडची काळी माती ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपरसारखी घासते.

मग पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर घ्या, खाली लाकडी ठोकळे द्या, मागच्या चाकांना दगड लावा. टायर वर-खाली धरून हलवा. हब (चाकाचा मधला भाग) एकटाच डुलत असेल तर बेअरिंग ढिले आहे : चाक फिरवत नट आवळा, चाक जड फिरू लागले की मागे घेऊन पहिल्या खाचेवर थांबा, स्प्लिट पिन नवीच घाला. स्पिंडलसकट (चाक ज्यावर फिरते त्या दांड्यासकट) चाक डुलत असेल तर किंगपिनचे, म्हणजे चाक ज्या उभ्या पिनवर वळते तिचे, बुश झिजलेत. पिनवर बोटाने चाचपून धार लागली तर पिनही बदला, नुसते बुश टिकत नाही.

टाय रॉडचा बॉल जॉइंट काढताना आटे मोजून ठेवा आणि नवा तेवढेच आटे बसवा, म्हणजे टो-इन (पुढची चाके समोरून किंचित आत झुकलेली असतात ते माप) बिघडत नाही. जॉइंट निघत नसेल तर आट्यांवर हातोडा मारू नका, जॉइंटची पिन ज्या कडीत (डोळ्यात) बसते तिच्या बाजूवर ठोका.

एक गोष्ट मात्र वेगळी समजून घ्या. दोनचाकी ट्रॉलीत पुढच्या बाजूला जास्त माल भरला की हुकवर भार येतो आणि ट्रॅक्टरचे पुढचे टोक हलके होते. रिकाम्या ट्रॅक्टरला त्रास नसेल आणि भरल्या ट्रॉलीलाच गाडी भटकत असेल, तर माल ट्रॉलीच्या चाकांवर घ्या, ट्रॅक्टरच्या पुढच्या टोकाला वजन लावा.

हे सगळे झाल्यावरही प्ले उरला तरच बॉक्सच्या स्क्रूला हात लावा, तोही एका वेळी पाव आट्यापेक्षा कमी. चाके उचललेली ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा, कुठेही अडता कामा नये. यापुढे निप्पलना (सांध्यांवरच्या ग्रीस भरायच्या तोंडांना) दर 50 तासांनी ग्रीस द्या, चिखलात काम असेल तर रोज. जुने काळे ग्रीस बाहेर पडून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत गन मारा.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या आवारात बॅटरीवरची गोल्फ कार्ट आहे. तिचेही स्टेअरिंग ढिले झाले. हीच पद्धत चालेल का?
– वाचक, जळगाव

उत्तर : शोधायची पद्धत हीच, फक्त किल्ली काढून, मेन स्विच बंद करून आणि चाकांना ठोकळे लावून. बहुतेक कार्टना रॅक-पिनियन (दातेरी पट्टी आणि तिला सरकवणारे छोटे दातेरी चाक) असते, ड्रॉप आर्म नसतो. म्हणून स्टेअरिंगच्या दांड्याचा खालचा सांधा आणि रॅक चासीला धरणारे बोल्ट आधी बघा. नुसता बोल्ट ढिला असला तरी रॅक आख्खा सरकतो आणि प्ले वाटतो. त्यानंतर टाय रॉड एंड आणि किंगपिनचे बुश. दोन्ही पुढच्या टायरची हवा सारखी आहे ना, हे मात्र या सगळ्याआधी तपासा.