‘पुस्तकं आणून दिली, पण एकही पूर्ण करत नाही!’

“चार दिवस उत्साह असतो, पाचव्या दिवशी पुस्तक कपाटात जातं.” हे वाक्य समुपदेशनाच्या कामात मी आजवर कितीतरी आईवडिलांच्या तोंडून ऐकलंय. पुस्तक कधी कोडिंगचं असतं, कधी इलेक्ट्रॉनिक्सचं. निष्कर्ष मात्र ठरलेला असतो: मुलाला चिकाटीच नाही. त्यांना मी पुष्कळदा ज्या मुलाबद्दल सांगते, त्याच्याबद्दल आज लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

मुलगा तेरा वर्षांचा. आई सांगत होती, तो खाली बघत होता.

“तीन पुस्तकं झाली, मॅडम. पहिलं नवव्या पानावर सोडलं, दुसरं पहिल्याच प्रयोगाला. तिसऱ्याचं तर वेष्टनही काढलं नाही. आम्हाला दोघांनाही यातलं काही कळत नाही. हा मागे पडेल, एवढीच भीती वाटते.”

त्याला विचारलं, “तुला काय वाटतं?”

“माझं डोकं त्यातलं नाहीये.”

चिकाटी नसलेली मुलं सहसा असं बोलत नाहीत. ती ‘कंटाळा आला’ म्हणतात. हा मुलगा स्वतःवर निकाल देऊन बसला होता. तो निकाल कुठल्या पुराव्यावर दिला, ते मला बघायचं होतं. म्हणून पुढच्या वेळी पहिलं पुस्तक आणि लॅपटॉप दोन्ही घेऊन यायला सांगितलं.

पुस्तक पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं, मोठ्या मावसभावाकडून आलेलं. नववं पान उघडलं. पडद्यावर एक वाक्य छापायचं, इतकाच प्रयोग. त्याने ओळ टाइप केली आणि खाली लाल अक्षरं उमटली. त्याने लगेच लॅपटॉप मिटायला हात घातला.

“किती वेळा करून पाहिलंस हे?”

“सात-आठ वेळा. पुस्तकात आहे तसंच लिहितो. तरी चुकतंच.”

सात-आठ वेळा! या मुलाला आपण चिकाटी नाही म्हणत होतो.

“ती लाल अक्षरं काय म्हणताहेत?”

तो माझ्याकडे बघत राहिला. ती त्याने कधी वाचलीच नव्हती. लाल दिसलं की चुकलो, चुकलो की बंद, असंच चाललं होतं. “मला यातलं काही येत नाही, तू मला वाचून दाखव,” असं म्हटलं आणि ते खरंच होतं. त्याने अडखळत वाचलं आणि अर्थ लावला, “प्रिंटच्या पुढे कंस राहिलेत, असं म्हणतंय.”

“मग?”

“पण पुस्तकात कंस नाहीयेत.”

“तरी घालून बघ.”

त्याने कंस घातले, आणि वाक्य निमूट छापून आलं. तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “म्हणजे पुस्तक चुकलंय?”

आम्ही दोघांनी मिळून शोध घेतला. पायथनची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८मध्ये आली, तेव्हापासून प्रिंटला कंस लागतात. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२०पासून थांबली. त्याचं पुस्तक २००७चं होतं. छापलं गेलं तेव्हा त्यातली ओळ अगदी बरोबर होती. जग पुढे गेलं, पान तिथेच राहिलं आणि त्या पानाचा दोष या मुलाने इतके महिने स्वतःच्या डोक्याला दिला.

माझ्या कामाचा पाया मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांचा आहे. जे घडतं त्यापेक्षा त्याचा आपण जो अर्थ लावतो, तो जास्त छळतो, हे मी माणसांच्या नात्यांत रोज बघते. त्या दिवशी ते एका कंसात दिसलं. यंत्र म्हणत होतं ‘या ओळीत कंस नाही’. मुलगा ऐकत होता ‘तू मठ्ठ आहेस’. या दोन वाक्यांमधलं अंतर त्याला स्वतःहून दिसलं, याचा मला आजही मनापासून आनंद आहे. मला कोडिंग येत असतं, तर मी चटकन कंस घालून दिले असते आणि तो क्षण हातचा गेला असता.

पुढच्या भेटीत तो खुर्चीत बसायच्या आधीच बोलू लागला. दुसऱ्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या पुस्तकातला एलईडी, म्हणजे छोटा दिवा, पेटला होता. त्याने एकेक गोष्ट तपासली होती: दिव्याचा लांब पाय अधिक बाजूला आहे का, नऊ व्होल्टच्या बॅटरीसोबत वीजप्रवाह आवरणारा रेझिस्टर घातलाय का. सगळं बरोबर. मग त्याचं लक्ष ब्रेडबोर्डच्या, म्हणजे सुटे भाग ज्याच्या छिद्रांत खोचून जोडतात त्या पट्टीच्या, कडेच्या लाल रेघेकडे गेलं. “मॅडम, आमच्या बोर्डावर ती मध्येच तुटलीये! चित्रात अखंड आहे.” काही ब्रेडबोर्डांवर त्या रेघेलगतच्या छिद्रांची जोडणी खरंच अर्ध्यावर तुटलेली असते. अलीकडची वीज पलीकडे जात नाही. एका छोट्या वायरने त्याने दोन्ही भाग जोडले होते.

मुलांसाठी ‘लोगो’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा १९६७मध्ये ज्यांनी घडवली, त्यांतले सेमूर पॅपर्ट हेच सांगत राहिले. प्रोग्रॅम बरोबर की चूक हे विचारण्यापेक्षा तो दुरुस्त कसा होईल हे विचारावं. माझ्या मते घरातही हाच प्रश्न हवा. ‘किती पानं झाली?’ हे विचारणं आजपासून थांबवा. ‘कुठे अडलंय, दाखव बरं’ असं म्हणा आणि शेजारी बसा. तुम्हाला त्यातलं येत नसेल तर उत्तमच, मुलाला समजावून सांगावं लागेल आणि सांगता सांगताच निम्म्या चुका सापडतात. चूक दिसली की आधी संदेश मोठ्याने वाचायचा, मग हात लावायचा, एवढा एकच नियम मी त्या घराला दिला.

पुस्तक घेतानाही थोडं बघा. छपाईचं साल आणि त्यात वापरलेली आवृत्ती पहिल्या काही पानांत सापडते. इलेक्ट्रॉनिक्सचं असेल, तर पहिल्या दोन-तीन प्रयोगांचे सुटे भाग आधी जमवा; भागांअभावी अडलेला प्रयोग मुलं सहसा पुन्हा हातात घेत नाहीत. मावसभावाचं जुनं पुस्तक द्यायला हरकत नाही, पण ते जुनं आहे हे मुलाला सांगून द्या. आणि प्रयोग चालला की लगेच पान उलटायला लावू नका. त्यात एखादी ओळ बदलू द्या, मुद्दाम बिघडवू द्या. स्वतः बिघडवलेलं दुरुस्त केलं की लाल अक्षरांचं भय ओसरतं.

दीड महिन्याने आईचा फोन आला. तिसरं पुस्तक उघडलं होतं, पण थेट सहाव्या प्रकरणापासून. “आधीची पाच न वाचताच, मॅडम! चालेल का?”

“चालेल. अडलं की तो स्वतःच मागे जाईल.”

“गेलाच तो,” त्या म्हणाल्या, “काल रात्री दुसऱ्या प्रकरणात काहीतरी शोधत होता.”