आरए फॅक्टर निगेटिव्ह असला तरी आईसाठी चिठ्ठी मागाच

तुम्ही विचारलंय ते असं: आईचं वय ४६. दोन महिन्यांपासून दोन्ही हातांची बोटं सुजतात, सकाळी मूठ वळत नाही. बाबा हिंगणा एमआयडीसीत आहेत, म्हणून ईएसआयचं (कामगार विमा योजनेचं) कार्ड आहे. पण दवाखान्यातले डॉक्टर आरए फॅक्टर (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस या सांधेवातासाठी करतात ती रक्ततपासणी) निगेटिव्ह पाहून ‘वयाचं दुखणं’ म्हणतात, कॅल्शियम देतात आणि सांधेवाताच्या तज्ज्ञाकडे, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्टकडे, पाठवायची चिठ्ठी देत नाहीत. मला स्वतःला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे आणि उपचार नागपुरातच चालू आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आरए फॅक्टर निगेटिव्ह म्हणजे हा आजार नाही, असं अजिबात नाही. आजार असलेल्या दर १०० जणांपैकी साधारण २० ते ३० जणांचा तो निगेटिव्हच येतो. २०१० पासून जगभर वापरात असलेल्या निकषांत १० पैकी ६ गुण झाले की हा आजार धरतात. लहान सांधे धरून १० पेक्षा जास्त सांध्यांना त्रास असेल तर ५ गुण, सहा आठवडे उलटले असतील तर १, सीआरपी किंवा ईएसआर (शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) वाढलेला असेल तर १. झाले ७, आणि यात आरए फॅक्टर कुठेच आला नाही. अट एवढीच की निदान एका सांध्याला डॉक्टरांना खरी सूज सापडली पाहिजे आणि तिचं दुसरं काही कारण नसावं. म्हणून सीआरपी, ईएसआर आणि अँटी-सीसीपी या तपासण्या मागा. अँटी-सीसीपी (याच आजाराची आणखी एक रक्ततपासणी) महाग आहे, पण तो पॉझिटिव्ह आला तर फारसा वाद राहत नाही.

आता चिठ्ठीचं. आपल्या आया डॉक्टरांसमोर बसल्या की ‘हात दुखतात हो’ एवढंच सांगतात. दुखणं तर सगळ्यांनाच असतं, रांगेतल्या पुढच्या पेशंटलाही असतं. तुम्ही सोबत जा आणि तीन गोष्टी सांगा: कोणते सांधे सुजतात, दोन्ही हातांना सारखे सुजतात का, आणि सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो. अर्धा-पाऊण तास हात मोकळेच होत नसतील तर ते आवर्जून सांगा. पायांकडेही बघा. माझी जोडवी बोटांत रुतायला लागली होती, ते हातांच्याही आधी. कणीक मळताना, पिळा घट्ट करून ओला कपडा झटकताना, मिक्सरचं झाकण फिरवताना काय होतं, ते आईलाच विचारा.

आणखी एक, याचा फार उपयोग होतो. सूज सकाळी जास्त असते आणि ओपीडीत नंबर लागेपर्यंत ओसरते. तेव्हा उठल्या उठल्या दोन्ही हात गादीवर पालथे ठेवून फोटो काढा, मग जमेल तेवढी मूठ वळायला लावून दुसरा. फोटोत वेळ दिसते. डॉक्टरांना मोबाइल दाखवा आणि नम्रपणे म्हणा, ‘सर, सहा आठवड्यांच्या वर झालेत, सूज आहे, रुमॅटॉलॉजिस्टला दाखवायचंय, रेफर करून द्या.’ नाहीच म्हणाले तर ‘गरज नाही असं केसपेपरवर लिहून द्या’ एवढं शांतपणे मागा. बहुतेक वेळा तेवढ्यानं काम होतं.

ईएसआयमध्ये दवाखान्यातून आधी सोमवारी पेठेतल्या रुग्णालयात पाठवतात, आणि तिथे त्या विषयाचे तज्ज्ञ नसतील तर करार असलेल्या रुग्णालयात. कार्डावर आईचं नाव चढलेलं आहे ना, ते आजच बघून घ्या. चिठ्ठी लांबली तर वाट बघत बसू नका. मेडिकलला (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा मिहानच्या एम्सला जाता येतं. तिथे ऑर्थोत नाही, मेडिसिनच्या ओपीडीत दाखवा. हा आजार हाडांचा नाही, शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. धंतोली-रामदासपेठेतल्या खाजगी रुमॅटॉलॉजिस्टकडे जायला तर चिठ्ठीच लागत नाही. एकदा फी भरून निदान लिहून आणलंत तर तो कागद ईएसआयमध्ये दाखवता येतो.

घाई यासाठी की लक्षणं सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत आजार रोखणारं औषध सुरू झालं तर सांधे वाचण्याची शक्यता बरीच वाढते. तुमचे दोन महिने तर गेलेच आहेत. सुरुवातीचा एक्स-रे बऱ्याचदा साफ येतो, त्यावर निर्धास्त राहू नका. हाड झिजलेलं एक्स-रेत दिसतं तेव्हा ते भरून येत नाही.

आईला या काळात चिकनगुनिया झाला होता का, तेही डॉक्टरांना सांगा. २०२४ च्या पावसाळ्यात आपल्याकडे तो किती पसरला होता, आठवत असेलच. त्यानंतरची सांधेसूज हुबेहूब अशीच दिसू शकते आणि कित्येक महिने राहू शकते.

मधल्या काळात कुणी ‘वातावर रामबाण’ म्हणून बिननावाची पुडी दिली तर कृपा करून घेऊ देऊ नका. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत हात हलके होतात, घरचे खूश होतात, आणि तज्ज्ञांना दाखवायला सूजच उरत नाही. आधीच काही घेतलं असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवूनच कमी करा. आणि एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन ताप आला तर चिठ्ठीबिठ्ठी विसरून त्याच दिवशी कॅज्युअल्टीत न्या.

निदान झालं तर बहुधा मेथोट्रेक्सेट लिहून देतील. नेटवर वाचून ‘कॅन्सरचं औषध’ म्हणून घाबरू नका, इथे डोस फार कमी असतो. पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतलं तर जिवावर बेततं. प्रिस्क्रिप्शनवर वार लिहून मागा, आणि सोबत देतात ते फोलिक अॅसिड कोणत्या वारी तेही. रक्ताच्या आणि लिव्हरच्या तपासण्या कधी करायच्या, ते त्याच भेटीत विचारून घ्या.