वाचकांचे प्रश्न : रुक्मिणी, रखुमाई आणि रखमा

प्रश्न : आमच्या घरी नुकतीच नात झाली. तिचा जन्म स्वाती नक्षत्राच्या पहिल्या चरणावर असल्यामुळे नावरसाचे अक्षर ‘रु’ निघाले आणि सूनबाईंनी लगेच ‘रुक्मिणी’ हे नाव सुचवले. माझ्या सासूबाईंचे नाव रखमाबाई होते, त्यामुळे मला आनंदच झाला. पण मुलाला ते नाव फार जुनाट वाटते. नणंदबाईंचे म्हणणे असे की, पंढरपुरात रुक्मिणीचा गाभारा विठोबापासून वेगळा आहे, तेव्हा मुलीला हे नाव ठेवू नये. या नावाचा मूळ अर्थ काय, रखमा आणि रुक्मिणी ही एकच नावे आहेत का, आणि एकेकाळी घरोघरी असणारे हे नाव मागे का पडले, हे समजावून सांगावे.
— एक आजी, धंतोली, नागपूर

उत्तर : अर्थापासून सुरुवात करतो, कारण तो भाग सरळ आहे. संस्कृतात ‘रुच्’ या धातूचा अर्थ प्रकाशणे, झळकणे असा आहे. त्यापासून ‘रुक्म’ हा शब्द झाला. ऋग्वेदात मरुतांच्या छातीवर झळकणारे सोन्याचे आभूषण म्हणजे रुक्म. पुढे सोने असाच त्याचा अर्थ रूढ झाला. रुक्मिणी म्हणजे जिच्यापाशी सोने आहे ती, सोन्यासारखी तेजस्वी. विदर्भाचा राजा भीष्मक याच्या घरात तर ही नावांची परंपराच दिसते. भागवतात रुक्मिणीचे पाच भाऊ येतात : रुक्मी, रुक्मरथ, रुक्मबाहू, रुक्मकेश आणि रुक्ममाली. भावंडांची नावे एकाच अक्षरावरून ठेवण्याची आजच्या आईबापांची हौस नवी नाही, एवढे यावरून म्हणता येईल.

विदर्भात राहणाऱ्याला या नावाबद्दल थोडी जास्त आपुलकी वाटली तर ते स्वाभाविक आहे. आर्वीच्या बाजूने वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्ह्यातले कौंडण्यपूर लागते. तेच भीष्मकाचे कुंडिनपूर असे परंपरा मानते. तेथून आषाढीला रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला जाते आणि वारीतल्या सर्वांत जुन्या पालख्यांमध्ये तिची गणना होते. माहेरची माणसे लेकीला भेटायला जातात, या भावनेने वारकरी तिच्याबरोबर चालतात. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून कृष्णाने रुक्मिणीला रथात घेतले, ही आख्यायिका तर वऱ्हाडात सर्वांना ठाऊक असते. मात्र रुक्मिणीवर हक्क सांगणारे आपण एकटे नाही. अरुणाचल प्रदेशातील इदू मिश्मी लोक तिला आपली लेक मानतात, भीष्मकनगर हे तिचे माहेर सांगतात, आणि आपल्या विशिष्ट केशरचनेचा संबंध कृष्णाने रुक्मीचे केस कापल्याच्या कथेशी जोडतात. गुजरातेत पोरबंदर जिल्ह्यातल्या माधवपूरला रामनवमीपासून जी जत्रा भरते, ती कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचीच असते.

आता रखमा. होय, नाव एकच. संस्कृतातले जोडाक्षर लोकांच्या तोंडी सैल होते, लक्ष्मणाचा लखमा होतो, तशीच रुक्मिणीची रखुमाई, रखमाई, रखमा झाली. ही रूपे अडाणी किंवा अशुद्ध आहेत, असे समजण्याचे कारण नाही. ज्ञानेश्वरांच्या नावावरच्या अभंगांची मुद्रिका ‘बापरखुमादेवीवरु’ अशी आहे. म्हणजे मराठी कवितेच्या पहाटेपासून हे रूप प्रतिष्ठेने वावरत आले आहे. ज्ञानेश्वरांच्या आईचे नाव रुक्मिणी आणि तुकाराम महाराजांच्या पहिल्या पत्नीचे नाव रखमाबाई. आपल्या सासूबाई या दोघींच्याच वाटेवर होत्या.

या नावाला महाराष्ट्रात बळ मिळाले ते मुख्यतः गाण्यांतून आणि ग्रंथांतून. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रिद्धपूरला, गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात, महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे ‘धवळे’, म्हणजे लग्नगीते, रचले. ती मराठीतली आद्य कवयित्री मानली जाते. त्याच शतकाच्या अखेरीस महानुभाव पंथातल्या नरेंद्राने ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहिले. पुढे 1571 मध्ये एकनाथांनी काशीत आपले ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण केले, आणि हा ग्रंथ विद्वानांच्या फडताळात न राहता माजघरात गेला. मुलीचे लग्न जमत नसले की तिच्याकडून या पोथीचे पारायण करवून घेण्याची चाल अनेक घरांत होती आणि काही घरांत अजूनही आहे. आपल्या नणंदबाईंच्या शंकेचे अर्धे उत्तर यातच येते. ज्या नावाची पोथी लग्न जुळावे म्हणून वाचायची, तेच नाव संसाराला अशुभ कसे ठरेल?

उरलेले अर्धे उत्तर पंढरपूरच्या कथेत आहे. राधेला कृष्णाजवळ पाहून रुक्मिणी रुसली, द्वारका सोडून पंढरपूरजवळच्या दिंडीरवनात येऊन बसली आणि तिची समजूत काढायला कृष्ण तिच्या मागोमाग आला, असे ती कथा सांगते. म्हणजे विठोबा पंढरपुरात आहे तोच मुळी रुक्मिणीला शोधत आला म्हणून. वेगळ्या गाभाऱ्याचा अर्थ दुरावा असा लावायचा की मान असा, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण अठ्ठावीस युगांच्या आरतीत विठ्ठलाला हाक मारताना ‘रखुमाईवल्लभा’ असेच म्हणतात, हे नणंदबाईंना सांगायला हरकत नाही.

नाव मागे का पडले, हा आपल्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर ‘काळ बदलला’ एवढ्यावर संपत नाही. माझ्या मते हे नाव एकदम मागे पडले नाही. आधी ते दुभंगले. रुक्मिणी हे पूर्ण रूप पोथी वाचणाऱ्या, सोवळेओवळे पाळणाऱ्या घरांत राहिले, तर रखमा हे रूप शेतात, बाजारात आणि वारीत राहिले. दोन्ही रूपे सारखीच चालत होती, तोवर कुणाचे काही बिघडत नव्हते. पण शहरी मध्यमवर्ग जसा वाढला, तशी त्याच्या नाटकांत, विनोदी कथांत आणि बोलण्यात रखमा ही घरकाम करणारी किंवा गावाकडून आलेली भोळी बाई ठरून गेली. ज्या घरांत आजी रखमा होती, त्याच घरांतल्या शिकलेल्या मुलांना ते नाव सांगताना अवघडल्यासारखे होऊ लागले. याला नावाचा दोष म्हणता येणार नाही. ज्यांच्या घरी ते नाव होते, त्यांच्याकडे आपण कसे पाहत होतो, त्याचा तो परिणाम आहे.

दुसरे कारण लग्नाच्या रीतीत आहे. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवरीचे नवे नाव लिहिण्याची पद्धत आपल्याकडे होती. नवरा विठ्ठल, पांडुरंग किंवा कृष्णा असला, तर पाळण्यातली गोदा किंवा चिमी सासरी येताच रुक्मिणी होऊन जाई. म्हणजे जुन्या पिढीतल्या कितीतरी रुक्मिणी जन्माने रुक्मिणी नव्हत्याच. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींनी शाळेच्या दाखल्यावरचे नाव सोडायला नकार दिला, तेव्हा ही रीत हळूहळू सुटली, आणि ती सुटली हे चांगलेच झाले. पण तिच्याबरोबर या नावाचा एक मोठा पुरवठाही आटला.

मग फॅशनचा ओघ होताच. फुलांची आणि संस्कृत काव्यांतली नावे आली : कुसुम, सुमन, शकुंतला, नलिनी. त्यांच्यामागून संगीता, सुनीता, वैशाली, मग स्नेहल, पूजा, प्रियांका, आणि आता दोन अक्षरांत आटोपणारी स्वरा, आर्या, इरा. या सगळ्या ओघात चार पिढ्यांपूर्वीची नावे पुन्हा वर येताना दिसतात, कारण ज्या आईबापांनी रखमा नावाची म्हातारी प्रत्यक्ष पाहिलेली नसते, त्यांच्या कानाला रुक्मिणी हे नाव जुने लागत नाही; त्यांना ते ठसठशीत आणि वेगळे वाटते. आजीचे नाव जुनाट आणि पणजीचे नाव राजस, असा हा व्यवहार आहे. आपल्या चिरंजीवांची अडचण कदाचित एवढीच असावी की त्यांनी आजी पाहिलेली आहे आणि सूनबाईंनी पाहिलेली नाही.

त्यांना पटवायचे असेल, तर देवादिकांपेक्षा एका हाडामासाच्या बाईची गोष्ट सांगावी. 1864 मध्ये मुंबईत जन्मलेल्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी लावून देण्यात आले. 1884 मध्ये त्यांचा नवरा दादाजी भिकाजी याने, पत्नीने नांदायला यावे म्हणून मुंबईच्या न्यायालयात दावा लावला. समज येण्याआधी आपल्या संमतीशिवाय झालेले लग्न आपण मानणार नाही, अशी भूमिका रखमाबाईंनी घेतली. आधी निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण 1887 मध्ये नवऱ्याकडे जा नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. 1888 मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटले. पुढे त्या लंडनला जाऊन वैद्यक शिकल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ डॉक्टर म्हणून काम केले. या खटल्याने उसळलेल्या वादाचा 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याशी जवळचा संबंध आहे. भागवतातली रुक्मिणी भावाने ठरवलेला शिशुपाल नाकारून स्वतः कृष्णाला पत्र धाडते. ही रखमाबाई ठरवून दिलेला नवरा नाकारून न्यायालयात उभी राहते. या नावाला आज्ञाधारकपणाचा वारसा फारसा नाही, हे आईबापांनी आधीच लक्षात घेतलेले बरे.

आमचे मत विचाराल, तर नाव जरूर ठेवावे. व्यवहारातल्या दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. ‘रु’ ऱ्हस्वच लिहावा. पंचांगात स्वातीच्या पहिल्या चरणाला दीर्घ ‘रू’ दिलेला असतो म्हणून नावात तो घालू नये. आणि महाराष्ट्रात 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असल्यामुळे, हे लांब नाव अर्जांच्या चौकटीत कसे मावते ते आधी एकदा लिहून पाहावे. घरात अजून एकमत नसेल, तर घाई नाही : नावाशिवाय जन्मनोंद झालेली असल्यास बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते. बारशाला आत्याबाईंनी कानात कुर्र करून जे नाव सांगायचे ते सांगावे, नोंदीचे नंतर बघता येईल.

प्रश्न : माझ्या आईचे नाव शाळेच्या दाखल्यावर ‘रखमा’, आधार कार्डावर ‘रुख्मिणी’ आणि बँकेच्या पासबुकावर ‘रुक्मिणीबाई’ असे आहे. यातले शुद्ध कोणते, आणि दाखल्यावरचे नाव बदलून घ्यावे का?
— एक वाचक, उमरेड रोड, नागपूर

उत्तर : संस्कृत व्युत्पत्तीप्रमाणे ‘रुक्मिणी’ शुद्ध. ‘रुख्मिणी’ हा उच्चार आपल्याकडे इतका सर्रास आहे की दुकानांच्या पाट्यांपासून लग्नपत्रिकांपर्यंत तो दिसतो. रखुमाईतला ‘ख’ त्यात शिरला आहे. पण आईंच्या बाबतीत प्रश्न शुद्धाशुद्धाचा नसून कागदपत्रे जुळण्याचा आहे. निवृत्तिवेतन, वारसाहक्क किंवा जमिनीचा फेरफार अशा कामात तीन नावे म्हणजे तीन बायका ठरतात. ज्या नावाने महत्त्वाचे कागद जास्त आहेत ते कायम धरावे, बाकीच्या ठिकाणी दुरुस्तीचा अर्ज द्यावा, आणि गरज पडलीच तर तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करून राजपत्रात नोंद करून घ्यावी. दाखल्यावरची रखमा केवळ जुनी वाटते म्हणून पुसू नये. त्या दाखल्यावर त्या काळी मुलीला शाळेत घातल्याची नोंद आहे.

प्रश्न : रुक्मिणी नावाच्या मुलीला घरी हाक मारण्यासाठी छोटे नाव कोणते?
— एक नवी आई, मनीषनगर, नागपूर

उत्तर : दक्षिणेत ‘रुक्कू’ म्हणतात, ते गोड आहे. मराठीत रुक्मा, रखू, मिनू ही चालतात. ‘वैदर्भी’ हे रुक्मिणीचेच दुसरे नाव आहे, पण ते हाकेसाठी लांब पडेल. धाकटी बहीण झाली तर तिच्यासाठी राखून ठेवावे.