प्रमाणपत्र नंतर, घर आधी

कोल्हापूर

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

वकील म्हणून तुझा पहिलाच स्वतंत्र अर्ज दीड वर्षाच्या मुलाच्या ताब्याचा आहे आणि आई पूर्ण अंध आहे, हे पत्रातून समजले. ‘हिला दिसत नाही, ही पोर काय सांभाळणार?’ एवढ्यावरच सासरच्यांनी आपली बाजू उभी केली आहे, आणि तू उत्तराची सुरुवात दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राने करणार आहेस. तसे करू नकोस. मी एकदा ती चूक केली आहे. पहिल्याच पानावर शंभर टक्के हा आकडा आला आणि पुढची सारी सुनावणी बाळाविषयी न होता आईच्या डोळ्यांविषयी झाली.

निकालानंतर एका रविवारी, भेटीसाठी बाळ आणले होते तेव्हा, मी त्या आईच्या घरी गेलो. दूध मनगटावर टाकून तिने त्याची ऊब पाहिली. वाळ्यांच्या घुंगरांवरून बाळ उंबऱ्याकडे रांगत निघाल्याचे तिला माझ्याआधी कळले. तापाच्या औषधाच्या बाटलीला एक रबर होते, खोकल्याच्या बाटलीला दोन. यातले काहीही मी न्यायालयासमोर ठेवले नव्हते, याची खंत आजही आहे.

कायद्याची बाजूही सावधपणे मांड. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे कलम 9 दिव्यांग मुलाला त्याच्या दिव्यांगत्वामुळे आईवडिलांपासून वेगळे करण्यास मनाई करते आणि त्याला अपवाद फक्त सक्षम न्यायालयाच्या आदेशाचा ठेवते. आईवडील दिव्यांग असतील तर काय, याविषयी ते गप्प आहे. ही उणीव मला बोचते, कारण भारताने 2007 मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराचा अनुच्छेद 23 मुलाच्या किंवा पालकांच्या, कोणाच्याही दिव्यांगत्वावरून ताटातूट करू नये, असे स्पष्ट सांगतो. म्हणून या अनुच्छेदासोबत भेदभावाला मनाई करणारे कलम 3 आणि दिव्यांग स्त्रियांना मुलांच्या संगोपनासाठी साहाय्य देऊ करणारे कलम 24 मांड. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 नुसार पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो आणि मुलाचे हित सर्वोपरी मानले जाते. तुझा खरा आधार हाच आहे.

तुझ्या अशिलाला खर्च झेपत नसेल, तर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज कर. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्री म्हणूनही आणि दिव्यांग म्हणूनही ती मोफत विधी साहाय्यास पात्र आहे. उच्च न्यायालयात जाण्याची वेळ आलीच, तर ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंच इथेच असल्याने तिला मुंबईची फेरी पडणार नाही.

शपथपत्र मराठीतच कर, आणि अंगठा किंवा सही घेण्यापूर्वी शेवटच्या ओळीपर्यंत तिला स्वतः वाचून दाखव.

तुझा,
काका